दुसरी आणि चौथी

राजारामपुरीत, इरफान शिकलगारच्या काउंटरवर
चहाचा ओला गोल, आणि गोलाकडेला दोन डब्या.
एकीतल्या पट्ट्यांना रंगीत दिवे, कंगव्यासारखी उंच पाठ.
दुसरीतल्या काळ्या, बुटक्या, कुणाच्या नजरेत न भरणाऱ्या.
"ताई, दिवेवाली तुमच्या कूलरला घासणार.
आणि दिवे बघणार कोण, डबडं टेबलाखाली."
मी म्हटलं, आकडे सांग.
"दोन्ही सहा हजारच. पण बुटकीची सीएल तीस, तिची चाळीस.
म्हणजे हाक मारल्यावर ओ द्यायला किती वेळ लावते, ते."
माझ्या डोळ्यांपुढं लगेच दोन-तीन माणसं आली.

घरी सोळाची एक पट्टी होती. म्हटलं, एकच दे, जोडीला लावते.
"चप्पल एकेक घेता का?
वेगळ्या डब्यातली चालेलही. पण चालेलही म्हणजे, बघा."
बत्तीसचा जोड घेतला. बिल:
विष्णू सुतार आणि कन्या, पॅटर्नमेकर, उद्यमनगर.
'आणि कन्या' मी मागाहून घातलेलं.

खाली आप्पांचा रंधा, माळ्यावर माझा माऊस.
ते सागवानात पंपाचं पोट कोरतात,
मी तेच पोट पडद्यावर फिरवते,
आणि चारशे भाग एकदम उघडले की मशीन धापा टाकतं.

खिडकीच्या गजाला हात लावला, अंगातली वीज उतरवायला.
चार खाचा. प्रोसेसरकडून मोजायचं.
दुसरी आणि चौथी; पहिली-दुसरी नव्हे.
(मागच्या मशीनला मी तेच केलं होतं.
तीन वर्षं अर्ध्या रस्त्यावर गाडी हाकली. कुणाला सांगू नका.)
अंगठ्यानं दाबलं. या टोकाचा टक्, मग त्या टोकाचा.

बटण. पंखा फिरला. पडदा काळा.
एक मिनिट. दीड.
माझं बोट पुन्हा बटणाकडं गेलं.
आप्पा जिन्यात उभे. "काय झालं?"
"पट्ट्या शिकतायत म्हणे. पहिल्यांदा वेळ लागतो."
"मग बस की गप. ओतल्या ओतल्या साचा फोडतीस व्हय?"
बसले.
अक्षरं आली.

डबीवर सहा हजार, पडद्यावर चार हजार आठशे.
"फसवलं बघ तुला."
नाही आप्पा, प्रोफाइल चालू करावं लागतं,
सांगितल्याशिवाय ती पळत नाही.
त्यांनी खिशातून आकसाची पट्टी काढली,
जिच्यावरचा फूट फुटाहून जाणूनबुजून मोठा,
कारण बीड थंड होताना अंग चोरतं.
"आमचीबी पट्टी खोटंच बोलती.
पण किती खोटं, ते ठरल्यालं."

रात्रभर तपासणी लावली.
पहाटे एक लाल ओळ. एकच.
एकानं काय होतंय, वाटलं,
मग आठवला माझा एक दशांश,
गोकुळ शिरगावच्या भट्टीत चाळीस नग भंगारात घालणारा.
छपन्नशेवर आणलं. दुसरी रात्र. शून्य चुका.
इरफान फोनवर: "व्होल्टेज जरा चढवा की, मिळतील सहा हजार."
राहू दे म्हटलं. डबीवर पेन्सिलीनं ५६०० लिहिलं.

सोमवारी वीज गेली.
"ह्यातलं सगळं गेलं?"
"सगळं."
"मग मेमरी कसली ती!"
कपाट वेगळं, आप्पा. हे बाकडं.
हातातलं काम तेवढं मांडायचं.
ते उघड्या डबड्यात बॅटरी मारून बघत राहिले.
"आणि ह्या दोन रिकाम्या?"
रिकाम्याच.

सकाळी कीबोर्डवर सागाच्या दोन पट्ट्या.
पॉलिश मारलेल्या. खालची खाच बरोबर मध्यावर नाही,
जरा सरकलेली, असते तशीच.
लाकूड तिथं घालत नाहीत, हे त्यांनाही ठाऊक असणार.
पडद्याखाली ठेवल्यात.
कॅलिपरनं मोजल्या:
आकस दिलेला नाही.